किती वेळ लागेल?

वर्साइन, म्हणजे रुळाच्या वळणाचं माप, घ्यायला फार काही लागत नाही. वीस मीटर दोरी, वीतभर स्टीलची पट्टी, खडू आणि तीन माणसं. वळणावरच्या बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला दोघांनी दोरीची टोकं दाबून धरायची, दोरी ताठ ओढायची, आणि तिसऱ्याने बरोबर मध्यावर उकिडवं बसून रूळ आणि दोरी यांच्यातलं अंतर वाचायचं. ५०,००० ला वळणाच्या मीटरमधल्या त्रिज्येने भागलं की जे उत्तर येईल तितके मिलिमीटर तिथे असायला हवेत. १७५० मीटर त्रिज्येच्या वळणावर हे अंतर जेमतेम २८-२९ मिलिमीटर भरतं. मग दहा मीटर पुढे सरकायचं आणि पुन्हा दोरी धरायची.

पुण्याला कोरेगाव पार्कात रेल्वेची सिव्हिल इंजिनिअरिंगची संस्था आहे, इरिसेन. १९५९ साली ती पर्मनंट वे ट्रेनिंग स्कूल या नावाने सुरू झाली. प्रोबेशनर म्हणून मी तिथे गेलो तेव्हा हा दोरी-पट्टीचा प्रकार मला किरकोळ वाटला होता. कॉलेजात संगणकावर पुलांची गणितं सोडवून आलेला मी, आणि इथे भर उन्हात खडीवर बसून मिलिमीटर वाचायचे. आमच्या गटाने मापं घेतली ती २७, ३१, २२, ३४, २८ अशी आली. शिकवणारे सर अर्धं आयुष्य पी-वेमध्ये, म्हणजे रुळांच्या देखभालीत, काढून आलेले. त्यांनी वही पाहिली आणि विचारलं, "वळण गोल असेल तर आकडे सारखे यायला हवेत. तुमचे नाचतायत. आता सांगा, रूळ नाचतोय की दोरी?"

कुणालाच सांगता आलं नाही. पुन्हा मापायला बसलो. एका ठिकाणी दोरी ढिली धरली गेली होती, एका ठिकाणी पट्टी तिरकी. चौथ्या खुणेवरचा ३४ मात्र तिसऱ्यांदा मापूनही ३४च आला. तो रुळाचा होता.

तो प्रश्न वहीत लिहून घ्यावा असं तेव्हा वाटलं नाही. पुढे नोकरीत माझ्या टेबलावर येणार होते ते आकडेच. इतक्या वेल्ड तपासल्या, इतके किलोमीटर खडी चाळली, इतकी मिनिटं गाड्या लेट झाल्या. त्यातला कुठला आकडा रुळाचा आणि कुठला दोरीचा, हे खुर्चीत बसून ओळखायचं होतं. ज्याने कधी दोरी धरलीच नाही त्याला हे ओळखता येत नाही, असं मला आता पक्कं वाटतं.

रेल्वेच्या अशा संस्था आणखी आहेत. विजेवाल्यांची नाशिकरोडला, सिग्नलवाल्यांची सिकंदराबादला, यांत्रिकीवाल्यांची बिहारात जमालपूरला, वाहतूकवाल्यांची लखनौला, आणि सगळ्यांना एका वर्गात बसवणारी अकादमी वडोदऱ्याला. बाहेरच्या माणसाला या सगळ्या खटाटोपाचं कोडं पडतं. लग्न झाल्यावर पहिल्याच दिवाळीत बायकोच्या मामांनी मला विचारलं होतं, "तुम्ही काही स्वतः रूळ जोडणार नाही. हाताखाली हजार माणसं असणार. मग हे अंगमेहनतीचं काम तुम्हाला कशाला शिकवतात?" मामा बँकेत मॅनेजर होते, प्रश्न मनापासून होता. मी म्हणालो, "माहीत असलेलं बरं." यापेक्षा चांगलं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

थर्मिट वेल्डिंगचा दिवस मला अजून तपशीलवार आठवतो. दोन रुळांच्या टोकांमध्ये २५ मिलिमीटरची फट ठेवायची. मागेपुढे एक मिलिमीटर खपतो, त्याहून जास्त नाही. फटीच्या दोन्ही अंगांना साचे बसवायचे आणि साचा रुळाला जिथे टेकतो ती कड ओल्या वाळूने लिंपून काढायची, अगदी चूल लिंपावी तशी. मग रुळाची टोकं लाल होईपर्यंत तापवायची. वर मूस, मुशीत ॲल्युमिनियम आणि लोखंडाचा ऑक्साइड यांचं मिश्रण. त्याला सगळे 'पोर्शन' म्हणतात. तो पेटला की डोळ्यांना काळी काच लावूनही बघवत नाही. ॲल्युमिनियम लोखंडाकडचा ऑक्सिजन हिसकावून घेतं, तापमान अडीच हजार अंशांच्या घरात जातं, वितळलेलं पोलाद खाली बसतं, मळी वर तरंगते, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत मुशीच्या तळातून पोलादाची धार साच्यात उतरते.

पण मला आठवतो तो त्याच्या आधीचा भाग. वेल्डर पन्नाशीचा माणूस होता. त्याने लिंपण माझ्याकडून करून घेतलं. मी झालं म्हणालो तेव्हा त्याने माझा हात धरला आणि माझं बोट त्या कडेवरून फिरवलं. "साहेब, इथं लागतंय का खरखरीत? इथून गळेल." खरोखरच नखाएवढी जागा सुटली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटाला लागत होती. साच्यात ओल राहिली, तापवणं कमी पडलं, फट कमीजास्त झाली, तर वेल्ड त्या दिवशी तुटत नाही. ती वरून छान दिसते, गाड्या तिच्यावरून जात राहतात, आणि एखाद्या वर्षी थंडीतल्या पहाटे तिथे रूळ तडकतो.

ओतून झाल्यावरही काम संपत नाही. पोलाद घट्ट होईपर्यंत थांबायचं, साचा फोडायचा, वर आलेलं जादा पोलाद गरम आहे तोवर छाटायचं, घासायचं, एक मीटरची सरळपट्टी ठेवून पाहायचं. आणि ओतल्यापासून निदान अर्धा तास त्यावर गाडी सोडायची नाही. या कामात अशी काही मिनिटं आहेत जी कितीही माणसं लावली तरी कमी होत नाहीत. हे मी वहीत लाल शाईने लिहिलं होतं.

आणि तरीही पहिल्या पोस्टिंगवर मी ते विसरलो. विसरलो म्हणण्यापेक्षा, मी साहेब झालो होतो.

डिसेंबरचे दिवस होते. अल्ट्रासॉनिक तपासणीत एका रुळात दोष निघाला. तेवढा तुकडा कापून काढायचा, त्या जागी नवा तुकडा घालायचा आणि दोन्ही टोकांना वेल्ड करायची, असं काम. त्यासाठी ब्लॉक लागतो, म्हणजे ठरावीक वेळ त्या मार्गावरच्या सगळ्या गाड्या बंद. मुंबईकरांना रविवारचा मेगाब्लॉक माहीत असतो. त्यांच्या दृष्टीने तो त्रास. आमच्या दृष्टीने ब्लॉक म्हणजे भाकरी. मागावा लागतो, त्यासाठी भांडावं लागतं, मिळाला तर अर्धा मिळतो.

मी गँगच्या मुकादमांना विचारलं, "किती वेळ लागेल?" ते म्हणाले, "अडीच तास धरा साहेब." अडीच तास मागितले तर ब्लॉक मिळणार नाही, हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "दीड तासात बसवू. नवा तुकडा आदल्या दिवशीच मापून कापून ठेवू, तेवढाच वेळ वाचेल." मुकादम थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "करू साहेब."

त्या दोन शब्दांची मला पुढे भीती बसली, ती आजही आहे.

सकाळी ब्लॉक मिळाला. गारठा होता, रुळाला हात लावला तर चटका बसल्यासारखं वाटावं इतका. रूळ कापला. कापताक्षणी दोन्ही टोकं एकमेकांपासून मागे सरली. आवाज फार झाला नाही, फट मात्र रुंदावली. आजचे रूळ लांबच लांब जोडलेले असतात, त्यांना सांधे नसतात. पोलाद मोकळं असतं तर एक किलोमीटरचा रूळ तापमानाच्या एका अंशाला साडेअकरा मिलिमीटर आखडला किंवा वाढला असता. रुळाखालचे आडवे स्लीपर आणि खडी त्याला धरून ठेवतात, म्हणून तो हलत नाही, आतल्या आत ताणून राहतो. थंडीत कापला की तो ताण सुटतो. आमचा आदल्या दुपारी मापून ठेवलेला तुकडा त्या फटीत जवळजवळ एक सेंटीमीटर आखूड पडला. एक मिलिमीटर जिथे मोजून खपतो तिथे एक सेंटीमीटर. रूळ ओढून धरणारं यंत्र आम्ही आणलं नव्हतं. दुसरा रूळ आणा, कापा, बसवा, यात पाऊण तास गेला. मग दोन वेल्ड. मग तो अर्धा तास.

ब्लॉक 'बर्स्ट' झाला, म्हणजे दिलेल्या वेळेच्या बाहेर गेला. दोन्ही बाजूंच्या स्टेशनांत गाड्या उभ्या. एका पॅसेंजरमध्ये परीक्षेला निघालेली कॉलेजची मुलं होती, हे मला संध्याकाळी स्टेशनमास्तरांकडून कळलं. त्यांचं पुढे काय झालं ते मला कधीच समजलं नाही, आणि ते माझ्या मनातून गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमांना विचारलं, "काका, तुकडा आखूड पडणार हे तुम्हाला ठाऊक होतं?" ते म्हणाले, "थंडीत पडतोच साहेब. म्हणून आम्ही कापल्यावर माप घेतो." मग सांगितलं का नाही, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं होतं. अडीच तास, या शब्दांत सांगितलं होतं. त्या तासांच्या आत काय काय भरलेलं आहे ते ऐकायचं काम माझं होतं, आणि ते ऐकायला लागतं ते गणित माझ्याच वहीत लिहिलेलं होतं.

पुण्याहून आम्हाला भोर घाटात नेलं होतं. कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे जाताना एक मीटर उंची. घाट चढताना कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. वडे खाताना खिडकीतून तो धक्का आपण सगळ्यांनीच अनुभवलाय. घाटाचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली तो खुला झाला. मधल्या काळात, १८५९ मध्ये, सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराने काम हाती घेतलं आणि तो इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट सोडलं नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी इंजिनिअरांच्या हाती तिने घाटातलं काम सोपवलं आणि ते तडीस नेलं. हजारो मजूर त्या डोंगरात पटकीने आणि तापाने गेले. त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत, आणि घाटातून जाताना दर वेळी मला त्यांची आठवण येते.

प्रोबेशनर असताना ॲलिस ट्रेडवेलची गोष्ट मी नुसती गोष्ट म्हणून ऐकली. ब्लॉक बर्स्ट झाल्यानंतर पुन्हा आठवली तेव्हा वेगळाच प्रश्न पडला. परक्या मुलखात, नवरा नुकताच गेलेला, आणि तिने कुणावर विश्वास ठेवायचा ते ठरवलं. हे ठरवणं बाहेरून दिसतं तितकं सोपं नसतं. कुणाच्या शब्दावर काम सोडायचं, कुणाचं 'होईल' खरं आणि कुणाचं नुसतं तोंडदेखलं, हे ओळखायला काही तरी लागतं. तिच्यापाशी ते काय होतं हे सांगायला कागद नाहीत. माझ्यापाशी काय असायला हवं होतं, ते मात्र मला कळलं.

वडोदऱ्याची अकादमी गायकवाडांच्या प्रतापविलास राजवाड्यात आहे. १९५२ पासून तिथे रेल्वेचे अधिकारी शिकतात. त्या संस्थानाचं आणि रेल्वेचं नातं जुनं आहे. १८६२ साली डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी गायकवाडांनी सुरू केली, तेव्हा ती ओढायला बैल होते. राजवाड्याच्या आवारात मोठी जुनी झाडं आहेत आणि संध्याकाळी तिथे वटवाघळं उडतात.

तिथल्या वर्गात वाहतूक, लेखा, कार्मिक, वीज, सिग्नल अशा सगळ्या खात्यांचे लोक एकत्र होते. एका दुपारी चर्चा ब्लॉकवर आली आणि तापली. वाहतूक खात्यातला माझ्या वयाचा एक जण म्हणाला, "तुम्ही तीन तास मागता आणि चार घेता. तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणून आम्ही तीन मागितले की दोन देतो." मी म्हणालो, "तुम्ही दोन देता म्हणून तर आम्ही तीन मागतो." वर्ग हसला, आम्ही दोघं नाही. कारण ते खरं होतं. तो आपल्या कंट्रोलमध्ये, म्हणजे गाड्यांची ये-जा ठरवणाऱ्या कक्षात, बसून वीस गाड्या डोक्यात फिरवत होता, मी माझ्या रुळावर. त्याला वेल्डमधला अर्धा तास ठाऊक नव्हता, मला त्याची मालगाडी कुठल्या स्टेशनात किती तास अडकते हे ठाऊक नव्हतं. रात्री जेवणानंतर त्याने मला आपला कंट्रोल चार्ट काढून समजावला आणि मी त्याला वेल्डिंगच्या पायऱ्या एकेका मिनिटाने लिहून दिल्या. त्या कागदाची घडी त्याने पाकिटात ठेवली. इतक्या वर्षांत मी पाहिलेलं सर्वांत उपयोगी व्यवस्थापन प्रशिक्षण ते होतं.

डिसेंबर २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेच्या आठ सेवा एकत्र करून एकच व्यवस्थापन सेवा करायचं ठरवलं. खात्याखात्यांतल्या भिंती पाडायच्या हा हेतू मला पूर्ण पटतो. त्या भिंतींवर डोकं आपटून झालंय. पण भिंत पाडली म्हणून पलीकडचं आपोआप समजत नाही. पलीकडे जाऊन बसावं लागतं, दोरी धरावी लागते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन ताशी ३२० किलोमीटरने धावणार आहे, तिथे खडीही नसेल, काँक्रीटच्या लाद्यांवर रूळ असतील. त्या रुळाचं काम करणारे आपले इंजिनिअर जपानी तज्ज्ञांकडून नव्याने शिकले आहेत. वेग वाढेल तशी चुकीला जागा कमी होत जाईल आणि माहीतगार साहेबाची गरज वाढत जाईल. यंत्रं आली की साहेबाला कमी कळलं तरी चालेल, असं मानणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही.

आता त्या मे महिन्यातल्या दुपारबद्दल.

उन्हाळा कडक असलेल्या एका सेक्शनवर मी होतो. आठवडाभरापूर्वी तिथल्या दोन किलोमीटरांत खडी चाळण्याचं काम झालं होतं. स्लीपरखालची सगळी खडी काढतात, माती झाडतात, परत भरतात. चांगलं काम, गरजेचं काम. पण त्यानंतर काही दिवस रूळ सैल असतो. खडी दबून घट्ट व्हायला गाड्यांची ये-जा लागते, स्लीपरच्या टोकांना खडीचा खांदा, म्हणजे बाजूने आधार देणारा ढीग, भरलेला लागतो. तोवर वेगावर निर्बंध ठेवतात, त्याला आम्ही 'कॉशन' म्हणतो, आणि तो टप्प्याटप्प्याने उठवत नेतात. वेळापत्रकाप्रमाणे आमचा कॉशन उठला होता. खांद्यासाठी मागवलेली खडीची गाडी मात्र आली नव्हती.

दुपारी दोनच्या सुमारास की-मनचा फोन आला. की-मन म्हणजे आपल्या वाट्याचे पाच-सहा किलोमीटर रोज पायी तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा आणि पाना, जवळ झेंड्या आणि गाडीला इशारा द्यायचे फटाके. हे काका निवृत्तीला आलेले. म्हणाले, "साहेब, जरा येऊन जाता का? रूळ फुगल्यासारखा वाटतोय."

"वाकलाय का?"

"नाही. वाकला असता तर लाल झेंडी लावून गाडीच थांबवली असती. वाकला नाही. पण सकाळी असा नव्हता."

फाटकापर्यंत जीपने गेलो, पुढे चालत. रुळावर थर्मामीटर ठेवला, ५८ अंश. त्या सेक्शनवर रूळ जोडताना जे तापमान धरलं होतं त्याहून १६ अंश जास्त. नियमाप्रमाणे उन्हाळी गस्त सुरू करायला आणखी चार अंश हवे होते. कागदावर सगळं ठीक होतं.

काकांनी मला एका ठिकाणी थांबवलं आणि स्लीपरच्या टोकाकडे बोट दाखवलं. काँक्रीट आणि खडी यांच्यामध्ये बारीक फट होती. मी खाली बसून तिच्यात करंगळी घातली, गेली. असेच पुढचे चार-पाच स्लीपर. मी पिशवीतून दोरी काढली. सरळ रुळावर दोरी ताणली तर मध्ये काही उरायला नको. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला ट्रॉलीमन, मध्ये मी. सात मिलिमीटर. दोरी ढिली नाही ना, पाहिलं. पट्टी सरळ आहे ना, पाहिलं. पुन्हा घेतलं, सात.

साठ किलोच्या रुळात, म्हणजे ज्याचा एक मीटर साठ किलो भरतो त्या रुळात, तापमानाच्या एका अंशाला सुमारे १.९ टन जोर साठतो. १६ अंशांना तीस टन. दोन्ही रूळ मिळून साठ टन. हा जोर रुळाला बाजूला ढकलू पाहतो आणि त्याला अडवते ती मुख्यतः खडी. तिथे खांदा भरलेला नव्हता. मी हे गणित परीक्षेत लिहिलं होतं, प्रश्न दहा गुणांचा होता. त्या दुपारी ते माझ्या करंगळीला लागत होतं.

मी कंट्रोलला फोन करून ताशी ३० चा कॉशन लावायला सांगितलं. मागे दोन मेल गाड्या होत्या. पलीकडचा माणूस वैतागला, तेही साहजिक होतं. "साहेब, कालच तर उठवलाय. गस्तीचं तापमान झालंय का?" नाही, मी म्हणालो. "मग आधार काय?" मी म्हणालो, "सात मिलिमीटर, आणि आमच्या की-मनचा शब्द." तो क्षणभर थांबला आणि त्याने कॉशन लावला. त्याचे आभार मी नंतर स्वतः जाऊन मानले.

गाड्या हळूहळू गेल्या. आम्ही सावलीत बसून प्रत्येक गाडीनंतर दोरी लावत होतो. सात, सात, सहा. सूर्य कलला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा दोरी लावली तेव्हा दोन मिलिमीटर होते. रूळ रात्री थंड होऊन मागे सरला होता. तिसऱ्या दिवशी खडी आली, खांदा भरला. महिन्याच्या अहवालात उशिराची ती सगळी मिनिटं इंजिनिअरिंग खात्याच्या नावावर लागली. कॉशन लावला नसता तर काय झालं असतं, हे मला सिद्ध करता येणार नाही. आमच्या धंद्यात जे टळतं त्याची नोंद कुठेच होत नाही.

काकांना मी विचारलं होतं, सकाळी असा नव्हता हे तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "रोज बघतो ना." मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, "आधीच्या एका साहेबांना असंच सांगितलं होतं. ते म्हणाले, तापमान झालंय का?"

मामांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर मला त्या दिवशी सापडलं. रूळ मला जोडायचा नव्हता, तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला जोडणारी माणसं होती. मला त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवता यायला हवा होता, आणि तो ठेवायला रुळाची विद्या लागते. ज्याला काही कळत नाही तो साहेब कागदावर विश्वास ठेवतो, कारण कागद त्याला वाचता येतो. मामा आता नाहीत.

हल्ली वर्षातून दोन-तीनदा मी शिकवायला जातो. समोर वेगवेगळ्या खात्यांचे तरुण व्यवस्थापक असतात, बरेचसे इंजिनिअर नसलेले. वर्गात मी फार वेळ काढत नाही. सकाळी लवकर त्यांना रुळावर नेतो. आधी एक स्लीपर उचलायला सांगतो. काँक्रीटचा स्लीपर अडीचशे किलोंच्या वर भरतो, चार जणांना तो हलत नाही. मग गँगचे लोक पहारी लावून तो कसा सरकवतात ते ती मुलं बघतात. नंतर दोरी देतो. आकडे नाचतात. मी सरांचा प्रश्न विचारतो.

मागच्या हिवाळ्यात असाच एक वर्ग होता. रुळाचा तुकडा बदलून दोन वेल्ड करायचं काम खरोखरच निघालं होतं, म्हणून सगळ्यांना तिथे घेऊन गेलो. लेखा खात्यातली एक मुलगी होती, नोकरीला दोन वर्षं झालेली. ब्लॉकचा अर्ज भरण्याचं काम मी तिच्यावर सोपवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वही घेऊन सरळ मुकादमांकडे गेली. "दादा, किती वेळ लागेल?"

मुकादमांनी उत्तर देण्याआधी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखतो. साहेबाला किती वेळ हवाय ते आधी चाचपून घ्यायची नजर. मी पाठ फिरवली आणि थर्मामीटर ठेवला होता तिकडे चालू लागलो. दहा-बारा स्लीपर गेल्यावर मागून त्यांचा आवाज आला.

"अडीच तास, मॅडम. आणि तुकडा आत्ता कापू नका."